डब्यावर ‘फक्त प्रोफेशनल वापरासाठी’ लिहिलंय, मग नोटीस मला का?

ताई, नोटीस आल्यापासून तुमची झोप उडालीय हे पत्रातनं कळतंय. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, की रविवार पेठेत तुमचं नेल मटेरियलचं दुकान आहे, आठ वर्षं फक्त पार्लरवाल्यांना माल दिलात, गेल्या दिवाळीपासून इन्स्टाग्रामवरनं कुणालाही जेलचं किट (नखांना लावून लॅम्पखाली सुकवायचं ते) द्यायला लागलात. वाकडच्या एका १९ वर्षांच्या मुलीने १,८५० रुपयांचं किट नेलं, तिसऱ्यांदा लावल्यावर बोटांना फोड आले, दोन नखं सुटली, आणि तिच्या वडिलांनी वकिलाकरवी ३ लाखांची नोटीस पाठवली. तुमचं म्हणणं, मूळ डब्यावर ‘फक्त प्रोफेशनल वापरासाठी’ असं छापलेलं आहे, शिकलेली नसताना तिने वापरलं, मग चूक तिची.

हे म्हणणं टिकणार नाही, आणि ते मी आत्ताच स्पष्ट सांगते कारण याच भरवशावर तुम्ही चढ्या आवाजात उत्तर पाठवाल अशी मला भीती वाटतेय.

ती ओळ कंपनीने तुमच्यासाठी लिहिली होती. शिकलेल्या हातातच माल जावा ही सूचना तुम्ही वाचलीत आणि तरीही तिला माल दिलात, म्हणजे धोका तुम्हाला माहीत होता याचा पुरावा तीच ओळ होते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं, म्हणजे मालामुळे इजा झाली तर जबाबदार कोण याचं, अख्खं प्रकरण आहे, त्यातलं कलम ८६ विक्रेत्यासाठी. कंपनीने दिलेली धोक्याची सूचना किंवा वापरायची पद्धत विक्रेत्याने गिऱ्हाइकापर्यंत पोचवली नाही आणि त्यामुळेच इजा झाली, तर विक्रेता जबाबदार. आता तुम्हीच लिहिलंय की एक किलोच्या डब्यातनं जेल छोट्या बाटल्यांत भरून त्यावर तुमच्या दुकानाचं स्टिकर लावत होतात, म्हणजे ती सूचना त्या मुलीने कधी बघितलीच नाही!

आणि खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त काळजी त्या स्टिकरचीच वाटते. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःची खूण लावणारा माणूस याच कायद्याच्या व्याख्येत उत्पादक ठरतो, म्हणजे ‘मी नुसता विकणारा’ हा बचावही ढिला पडतो. वर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० मध्ये विक्रीसाठी पॅकिंग करणं, लेबल लावणं, मोठा माल फोडून लहान करणं हे ‘उत्पादन’ या शब्दातच धरलंय आणि त्याला लायसन लागतं; किरकोळ विक्रीच्या रोजच्या व्यवहारातलं नुसतं पॅकिंग तेवढं त्यातनं वगळलंय, पण स्वतःचं स्टिकर लावल्यावर त्या सवलतीवर विसंबू नका. आपल्या बाजारात कित्येक जण असं भरतात, मला माहितीय, पण तक्रार एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे गेली तर ते कारण चालत नाही. आजच बाटल्या भरणं बंद करा. भरलेल्या आहेत त्या विकू नका आणि फेकूही नका, बाजूला ठेवा, त्यातल्याच बॅचची तपासणी करायची वेळ येऊ शकते.

दुसरी अडचण तुमच्या पोस्टची. ‘घरच्या घरी पार्लरसारखी नखं, एकदम सेफ, काही शिकायला नको’ असं तुम्ही स्वतः लिहिलंत. कंपनीने न दिलेली हमी विक्रेत्याने आपल्या तोंडाने दिली की तिचा भार त्याच्यावर येतो, हेही कलम ८६ मध्येच आहे.

तज्ज्ञांसाठीच्या मालाला सूट असते असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. कलम ८७ मध्ये तशी सूट आहे खरी, पण उत्पादकाला, आणि तीही कायद्यानेच जो माल फक्त तज्ज्ञाने किंवा त्याच्या देखरेखीखाली वापरायचा असतो त्यापुरती. आपल्याकडे नेल जेल तसं ठरवलेलं नाही. युरोपात मात्र २०२१ पासून एचईएमए, म्हणजे हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेट असलेल्या नखांच्या मालावर ‘फक्त व्यावसायिक वापरासाठी’ आणि ‘अ‍ॅलर्जी होऊ शकते’ हे दोन्ही छापणं सक्तीचं आहे. तो नियम इथे लागू नाही, पण समोरचा वकील तो दाखवून म्हणणार की या धंद्यातल्या माणसाला धोका ठाऊक असायलाच हवा होता.

तुमच्या बाजूने काय आहे? त्याच कलम ८७ मध्ये, इजा झाली तेव्हा मालाचा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्याविरुद्ध दावा चालत नाही. तिने तुमच्या किटमधला लॅम्प वापरला की दुसरा कुठला? जेल कातडीवर पसरून तसंच ठेवलं का? नीट न सुकलेलं जेल कातडीला लागत राहिलं की ही अ‍ॅलर्जी होते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. पण गैरवापर म्हणायला आधी नीट वापर कसा करायचा ते तुम्ही सांगितलेलं हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर तिला व्हिडिओ किंवा सूचना पाठवल्या होत्या का, शोधा. चॅट, पोस्ट काहीही डिलीट करू नका, तुमच्या विरुद्ध जाणारंसुद्धा. पुरावा म्हणून मागितला जाऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेत कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याकडनं डबे घेतलेत त्याची बिलं काढा, डब्यावर इंपोर्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का बघा, असेल तर त्यालाही पक्षकार करता येईल. उत्पादकाचा पत्ताच नसेल तर मात्र तोही भार तुमच्यावरच येतो.

मुलीकडचे ग्राहक आयोगात जाणार नाहीत असं समजू नका. तिथे फी मालाच्या किमतीवर ठरते, ५ लाखांपर्यंतच्या मालाला काहीच नाही, आणि वाकडची मुलगी पुणे जिल्हा आयोगातच दावा लावू शकते. आयोगाची नोटीस आली की उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हे पक्कं केलंय.

माझा सल्ला विचाराल तर मिटवा. ३ लाख लगेच द्या असं मी म्हणत नाही. वकिलाकडनं ‘हक्क अबाधित ठेवून’ असं लिहिलेलं साधं, नम्र उत्तर पाठवा, त्वचारोगतज्ज्ञाची कागदपत्रं मागा, पॅच टेस्टचा, म्हणजे कातडीवर अ‍ॅलर्जी तपासायच्या चाचणीचा खर्च आपण करू असं स्वतःहून म्हणा. टेस्टमध्ये अ‍ॅलर्जी दिसली तर उपचाराचा खर्च आणि त्रासाची वाजवी भरपाई धरून आकडा ठरवा, आणि सह्या करून पूर्ण व अंतिम तडजोडीचा कागद करा. नुसते १,८५० परत करून विषय संपवायला जाऊ नका, त्या बापाला त्याचा रागच येईल.

आणि एक गोष्ट त्या उत्तरात माझ्यासाठी तरी लिहाच. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि दाताच्या फिलिंगमध्ये, हाडाच्या ऑपरेशनच्या सिमेंटमध्ये याच जातीची रसायनं असतात. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तिने डेंटिस्टला आणि पुढे कधी ऑपरेशन झालंच तर डॉक्टरांना हे सांगायला हवं. तिला हे अजून कुणी सांगितलं नसेल तर तुमच्याकडनं कळू दे.

नोटिशीत उत्तराला किती दिवस दिलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, तारीख बघा आणि या आठवड्यातच सगळे कागद घेऊन वकिलाकडे जा.