संगीतातले रीमान आणि गणितातले रीमान एकच का?

हार्मनीच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीतात एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या शास्त्राच्या, पुस्तकात रीमान हे नाव सारखं येतं, ते गणितज्ञ रीमानच का, असं तुम्ही विचारलंय. नाही हो. गणितवाले बर्नहार्ड, हे जर्मन संगीत-अभ्यासक हूगो (१८४९–१९१९). गंमत म्हणजे बर्नहार्ड जिथे शिकवायचे त्याच ग्योटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट हूगोंनी १८७३ मध्ये मिळवली. घोटाळा होणारच.

पोटापाण्यासाठी हूगोंनी बरीच गावं पालथी घातली. हॅम्बुर्गमध्ये नऊएक वर्षं शिकवलं, मग वीसबाडेन, १८९५ मध्ये परत लाइपझिग, आणि प्राध्यापकपद थेट १९०१ साली. संगीतकार माक्स रेगर हा त्यांचा नावाजलेला शिष्य. पुढे नव्या संगीतावरून गुरू-शिष्यांची छापील खडाजंगीही झाली.

पण त्यांचा खरा किस्सा वेगळाच आहे. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडता, गांधार ऐकू येतो. मी रियाजाला बसलो की आधी त्याचीच वाट बघतो. सा-ग-प हा मेजर कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) असा नादातूनच निघतो. पण मायनरचं, म्हणजे कोमल गांधाराच्या कॉर्डचं, काय? कोमल गांधार काही तानपुऱ्यातून असा आपणहून येत नाही. रीमान म्हणाले, नाद जसे वर चढतात तसे खालीही उतरत असणार. सा पासून आरशातल्यासारखं खाली या: सा, कोमल ध, म. झाला मायनर! आणि रात्रीच्या शांततेत पियानोवर हे खालचे नाद आपण कानांनी ऐकल्याचं त्यांनी लिहूनही टाकलं. इतर कुणाला ते ऐकू आले नाहीत. पुढे त्यांनीही हा हट्ट सोडला. म्हातारपणी तर त्यांचं म्हणणं होतं की संगीत घडतं ते ऐकणाऱ्याच्या मनात.

त्यांचं टिकलं ते दुसरंच: कुठलाही कॉर्ड घ्या, त्याचं काम तीनपैकी एकच – टॉनिक, डॉमिनंट किंवा सबडॉमिनंट. आपल्या भाषेत सा, प, म यांची घराणी म्हणा. जर्मनीत आजही हार्मनी याच पद्धतीने शिकवतात.

आणि हो, १८८२ मध्ये त्यांनी एकहाती लिहिलेला संगीतकोश त्यांच्यानंतर आइन्स्टाईन यांनी संपादित केला. आल्फ्रेड आइन्स्टाईन, संगीत-अभ्यासक. ते नव्हेत!