फ्लॅट ७२ लाखांचा, खिशातून किती?

प्रश्न : आम्ही दोघे नोकरी करतो. मिळून महिन्याला हातात १ लाख १० हजार येतात. वाकडला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ७२ लाखांचा टू बीएचके पाहिलाय, ताबा दोन वर्षांनी. शिल्लक १५ लाख, सध्याचं भाडं २४ हजार. बँक ८० टक्के देते म्हणजे जमेल ना? थांबलो तर भाव हाताबाहेर जातील अशी धास्ती वाटते.
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : या आकड्यांत नाही जमणार. बँकेचे ८० टक्के हे करारातल्या किमतीचे, म्हणजे ५७ लाख ६० हजार. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेनेच ही मर्यादा घातली आहे, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरायचा नसतो. तेव्हा खिशातून आधी १४.४० लाख. त्यावर ५ टक्के जीएसटी ३.६० लाख, पुण्यातलं ७ टक्के मुद्रांक शुल्क ५.०४ लाख आणि नोंदणी ३० हजार. झाले २३ लाख ३४ हजार. सोसायटीचं डिपॉझिट आणि किचन ट्रॉल्या अजून बाहेरच आहेत. काही बँका जीएसटी किमतीत धरतात; तुमची धरते का, ते लेखी विचारा.

हप्त्याचं बघू. ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये, म्हणजे सुमारे ५० हजार. खरी ओढाताण मात्र ताब्याच्या आधी होते. स्लॅब पडत जातात तसं कर्ज उचललं जातं आणि उचललेल्या रकमेवर व्याज सुरू होतं. शेवटी शेवटी ते ४० हजार ८०० पर्यंत जातं, वर भाडं २४ हजार. ताबा वर्षभर लांबला तर महिन्याचे हे ६५ हजार वर्षभर चालूच. सेल्स ऑफिसमध्ये हप्ता चुटकीसरशी काढून देतात, भाड्यासकटचा आकडा कोणी काढत नाही.

पगाराच्या ३५ टक्क्यांत हप्ता बसवायचा तर कर्ज ४४ लाख आणि घर ५५ लाखांपर्यंतचं. त्यातही रिसेल बघा: जीएसटी नाही, भाडं लगेच थांबतं. तरी खिशातून १५ लाख १५ हजार लागतात, म्हणजे शिल्लक साफ. चार-पाच लाख हाताशी जमेपर्यंत थांबणं बरं. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क १ टक्का कमी, ५५ लाखांवर ५५ हजार वाचतात. पतीचं नाव मालक म्हणून जोडलं की ही सवलत जाते. कर्जात तो सहकर्जदार राहू शकतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या नावे आधीच कापायचा आयकर, त्याच्या रकमेतून कापून भरणं तुमचं काम. मुद्रांक शुल्कही करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराने येणारी) किंमत यांत जी जास्त, तिच्यावर लागतं. स्वस्तात मिळालं म्हणून शुल्क कमी पडेलच असं नाही.

प्रश्न : बिल्डर म्हणतो, २० टक्के आत्ता भरा, ॲग्रीमेंट पुढच्या महिन्यात करू. भाव ९५० फुटांना ७,५०० रुपयांनी लावलाय.
– एक वाचक, हडपसर

उत्तर : भरू नका. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आणि ते ९५० फूट कसले, हे विचारा. कायद्याने विक्री कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आत वापरता येणाऱ्या जागेवर होते; जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेल्या 'सेलेबल'वर नाही. समजा कार्पेट ६४० फूट निघाला, तर त्याच ७१ लाख २५ हजारांचा भाव फुटाला ११,१३३ पडतो. दोन प्रकल्पांची तुलना याच आकड्यावर करा. बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती कार्पेटमध्ये मोजत नाहीत, आतल्या भिंती मोजतात. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, ताब्याची जाहीर तारीख आणि ती किती वेळा वाढवली, हे दिसतं. ब्रोशरवरची तारीख सोडा, हीच धरा.

प्रश्न : नवरा-बायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न ८ लाख. पुण्यात म्हाडाचा अर्ज कोणत्या गटात?
– एक वाचक, धायरी

उत्तर : अल्प उत्पन्न गटात, पुणे महानगर क्षेत्रात तो ६ ते ९ लाखांचा आहे. खासगी प्रकल्पांत बिल्डरने राखून ठेवायची, '२० टक्के योजने'तली घरंही सोडतीत येतात, ती नजरेआड करू नका. अधिवासाचा दाखला आणि आयकर विवरणपत्र आत्ताच तयार ठेवा. घर लावून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका, सोडत संगणकावर निघते.