महानदीकाठच्या सिरपूरच्या पडक्या विहाराचा इतिहास काय? नागपूरहून जाण्यासारखं आहे का?

आहे ना भाऊ, रायपूरच्या पुढे दीड-दोन तास, नागपूरहून पहाटे निघालं तर दुपारपर्यंत पोचता. सिरपूर म्हणजे जुनं श्रीपूर, दक्षिण कोसलच्या (म्हणजे साधारण आजच्या छत्तीसगडच्या) पांडुवंशी राजांची राजधानी. तुम्ही विचारताय तो बहुतेक आनंदप्रभू कुटी विहार, महाशिवगुप्त बालार्जुन राजाच्या काळात आनंदप्रभू नावाच्या भिक्षूने बांधलेला, तसा शिलालेखच सापडलाय तिथं. गंमत अशी की राजा स्वतः शिवभक्त, त्याची आई वासटा वैष्णव, तिनं नवऱ्याच्या आठवणीत विटांचं लक्ष्मण मंदिर बांधलं, आणि त्याच गावात भिक्षूही आरामात राहून राहिले होते! या राजाने किमान 57 वर्षं राज्य केलं, म्हणजे बांधकामाला निवांत वेळ मिळाला.

विहारात मधे अंगण, भोवती खोल्या, समोर भूमिस्पर्श मुद्रेतला (उजव्या हाताने जमिनीला स्पर्श करणारा) बुद्ध. 1950 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षितांनी उकरून काढलं हे सगळं, आणि 2000 नंतर ए. के. शर्मांनी (आपल्या रामटेकजवळच्या मनसरच्या खोदकामातलेच) बाकीचं बरंच.

चिनी बौद्ध प्रवासी ह्यूएनत्संग इथं आला होता असं गाईड ठोकून सांगतात. तो कोसलात आला हे खरं, पण राजधानीचं नाव त्यानं लिहिलंच नाही, म्हणून मी तरी ते पक्कं धरत नाही.

उन्हाळ्यात जाऊ नका, विटा नुसत्या तापतात.