तुझ्या गाडीचं बॉनेट लांब का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, अकरावी सायन्सला आहे. आठवीपासून वहीत गाड्यांची चित्रं काढते. जॅग्वारची ‘टाइप ००’ मोबाइलवर पाहिली आणि चकितच झाले. तसंच लांब बॉनेट, तशीच मागची काच नसलेली गाडी माझ्या वहीत आधीच आहे! चित्रं कंपनीला पाठवू का? बाबा म्हणतात, अमरावतीला इंजिनिअरिंग कर. मला गाड्यांचं डिझाइन करायचं आहे.

उत्तर : तू पाठवलेले फोटो मी सावकाश पाहिले. साम्य आहे, आणि तुझी रेघ धीट आहे. तरी चित्रं कंपनीला पाठवू नकोस. न मागता आलेली चित्रं मोठ्या कंपन्या सहसा विचारात घेत नाहीत. शिवाय लांब बॉनेट आणि बुटकं छप्पर ही जुनी आवड आहे. जॅग्वारच्याच १९६१ च्या ई-टाइपचं बॉनेट लांबलचक होतं, कारण त्याखाली एका ओळीत सहा सिलिंडरचं इंजिन होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये मायामीला दाखवलेली टाइप ०० विजेवरची आहे. तिथं इंजिनच नाही. तरी बॉनेट लांब ठेवलं, ते गाडीला रुबाब यावा म्हणून. विजेच्या गाडीत बॅटरी तळाशी असते, त्यामुळे गाडी उंच होत जाते. यांनी ती हट्टानं बुटकी ठेवली. मागची काच काढली, तर मागचं दिसायला कॅमेरे दिले. तुझ्या गाडीतही मागची काच नाही, पण चालवणाऱ्याला मागचं कसं दिसेल याचा विचार चित्रात नाही. चाकं इतकी मोठी आहेत की पुढचं चाक वळायला जागा उरत नाही. आत माणूस बसवून पाहिलास का? डोकं छताला लागेल.

तुला शिकायचं आहे ते हेच. बाजूनं चित्र काढताना चाकाचा व्यास हेच माप धर. पुढच्या आणि मागच्या चाकामधल्या मोकळ्या जागेत तशी किती चाकं मावतात ते मोज. साधारण कारमध्ये तीनच्या आसपास. मग प्रत्येक चित्राखाली दोन ओळी लिही : हे असं का?

आणि एक काम मनापासून सांगते. दारव्ह्याच्या स्टँडवरची काळी-पिवळी काढ. चढताना म्हातारी कुठं धरते, कापसाचं गाठोडं कुठं जातं, उन्हाळ्यात आत काय होतं, ते बघून नवी गाडी सुचव. बैलबंडीवरही असंच काम होईल. आलिशान गाड्यांची चित्रं पोर्टफोलिओत सगळेच ठेवतात. हे निरीक्षण तुझ्याजवळच आहे.

आता वाट. बारावीनंतर बी.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, यूसीड आणि एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) डॅट, या दोन्ही प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या मुलांना देता येतात. यूसीड आयआयटी मुंबई घेते. तिच्या एका भागात हातानं चित्र काढावं लागतं. पेपर इंग्रजीत असतो, म्हणून रोज थोडं इंग्रजी वाच. इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा दिली नसशील तर दे, हात बसतो.

बाबांचं म्हणणं मोडीत काढू नकोस. महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० चं डिझाइन करणाऱ्या रामकृपा अनंतन आधी मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या, मग डिझाइन शिकायला आयआयटी मुंबईत गेल्या. अमरावतीला इंजिनिअरिंग करून नंतर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, करता येतं. वाहनांच्या डिझाइनचं एम.डेस. एनआयडीच्या गांधीनगर कॅम्पसमध्ये आहे, त्यासाठी डॅट. मला स्वतःला तुझ्यासाठी पहिली वाट, म्हणजे बारावीनंतर थेट बी.डेस., बरी वाटते, कारण तुझा हात आत्ताच तयार होतो आहे. पण फी लाखांत जाते, हे घरी आधीच उघड बोला. शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाची चौकशी याच वर्षी करा. बारावीत गेलीस की ऑक्टोबरपासून अर्जांकडे लक्ष ठेव. यूसीड जानेवारीत होते. बाबांना फीबद्दल विचारायचं असेल तर त्यांनीच मला लिहावं, मी सविस्तर कळवेन.