नक्कल हातात येईपर्यंत नाव नको

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाकाबंदीत सापडलेल्या अकरा जणांची यादी, ती फोटोंसकट पहिल्या पानावर लावा म्हणणारे संपादक, आणि त्यातला एक तुमच्याच वाडीतला. पिऊन गाडी हाकणाऱ्याचं नाव छापावं का, यावर मी शाई घालवत नाही. दुसऱ्यांदा शिक्षा झालेल्याचं छापावंच. पण निकालाची सही-शिक्क्याची नक्कल हातात आल्याशिवाय नाही.

सापडला म्हणजे काय झालं? मशीनमध्ये फुंकलं आणि आकडा 100 मिली रक्ताला 30 मिलिग्रॅमच्या वर गेला, एवढंच. नुकताच घोट घेतलेला असला तर तोंडातल्या दारूनेही आकडा फुगतो. म्हणून पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला लावावं. अटकेनंतर दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 प्रमाणे माणूस सोडावा लागतो. रात्री दोनला घाटात धरलेल्याचे ते दोन तास कसे सरतात, तुला सांगायला नको. त्या अकरांपैकी कोर्टात किती टिकतील, हे आज तुला माहीत नाही. संपादकांनाही नाही.

आता मथळ्यातला 'सराईत' हा शब्द. त्याच कायद्याच्या कलम 185 खाली, पिऊन गाडी चालवल्याबद्दल, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. पण चिपळूणला शिक्षा झालेला माणूस कुडाळला सापडला आणि जुनी केस कुणी शोधलीच नाही, तर कुडाळच्या कोर्टात तो नवखाच. आरोपात मागची शिक्षा नाही, तर निकालातही नाही. मग तुझ्या मथळ्यात ती कुठून आली? ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोध, खटल्याची ओळख सांगणारा 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक उतरवून घे आणि दोन्ही निकालांच्या नकलांसाठी अर्ज कर. तू पक्षकार नाहीस, तेव्हा अर्जात कारण लिही. अपिलाची 30 दिवसांची मुदतही जाऊ दे. कंटाळवाणं आहे, मान्य.

आपल्याकडे अर्ध्या वाडीचं आडनाव एक, आणि आजोबांचं नाव नातवाला. म्हणून छापायच्या नोटिशीत वडिलांचं नाव, वय, गाव, खटला क्रमांक, कोर्ट, निकालाची तारीख, कलम आणि शिक्षा, सगळं हवं. फोटो नको, घराचा पत्ता नको, बायकोपोरांचा उल्लेख तर मुळीच नको. निकालाचा खरा वृत्तांत देणं बदनामीत मोडत नाही, हा कायद्यातला अपवाद तुझं कवच आहे. त्यात 'बेवडा' हा एक शब्द घातलास की कवचाला भोक.

लखनौची फलकं आठव. नागरिकत्व कायद्याविरोधातल्या आंदोलकांचे फोटो आणि पत्ते चौकात लावले होते, शिक्षा कुणालाच झालेली नव्हती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये ती उतरवण्याचा आदेश दिला. उलट अन्नसुरक्षा कायद्यात पुन्हा दोषी ठरलेल्याचं नाव, पत्ता, गुन्हा आणि दंड त्याच्याच खर्चाने वर्तमानपत्रात छापण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. फरक कशाचा? निकालाचा. पुन्हा तेच सांगतोय, ऐक.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 मध्येही वाट केली आहे. जप्त परवाना परिवहन कार्यालयाकडे गेला की म्हणणं ऐकून पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्र ठरवता येतं, पुढच्याला परवाना रद्द करता येतो. आणि रद्द झालेल्याचं नाव केंद्राने ठरवलेल्या पद्धतीने जाहीर करता येतं. खरी बातमी इथे आहे! माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज ओरोसच्या परिवहन कार्यालयाला टाक: कलम 185 चे किती परवाने आले, किती रद्द झाले, किती तसेच पडून आहेत. नाव छापल्याने मासळीचा टेम्पो थांबत नाही, परवाना गेला तर थोडा तरी थांबतो.

माझ्यासारख्यांना कुणी भित्रे म्हणतात, कुणी गुळमुळीत. म्हणोत. चुकीचं नाव गेलं की पुढच्या अंकातली चौकोनी दुरुस्ती कुणी वाचत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तुला आज कळावं म्हणून एवढी चिडचिड. अपिलात कुणी सुटला, तर त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात छाप.

आणि वाडीतला तो. त्याच्या घरी आगाऊ निरोप द्यायला जाऊ नकोस, त्याचं नाव यादीतून गाळूही नकोस. नकलेचा अर्ज त्याच्याही खटल्याचा कर.