‘ह्या खडकावर’ म्हणजे कोणावर?

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक आहोत. माझ्या मुलीचे लग्न अहिल्यानगर जिल्ह्यातील एका प्रॉटेस्टंट कुटुंबात ठरले आहे. साखरपुड्याच्या जेवणानंतर माझे थोरले दीर आणि व्याह्यांचे बंधू यांच्यात वाद निघाला. व्याह्यांच्या बंधूंचे म्हणणे असे की, मंडळीचा (म्हणजे चर्चचा) पाया एकटा ख्रिस्त आहे, प्रेषित पौलाने तसे स्पष्ट लिहिले आहे, आणि येशूचा शिष्य पेत्र याला पाया मानणे म्हणजे माणसाला ख्रिस्ताच्या जागी बसवणे होय. दिरांनी मत्तयाच्या सोळाव्या अध्यायातील ‘तू पेत्र आहेस आणि ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ हे वचन पुढे केले. त्यावर उत्तर आले की, मूळ ग्रीकमध्ये पेत्र म्हणजे लहानसा दगड आणि खडक म्हणजे मोठा कातळ, तेव्हा ती दोन्ही एक नव्हेत. हे खरे आहे काय? आणि आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती लोक या वचनाचा अर्थ कसा लावीत असत? (एक वाचक, वसई)

उत्तर : दगड आणि कातळ हा मुद्दा आधी घेतो, कारण तो वारंवार ऐकू येतो आणि त्यात अर्धेच तथ्य आहे. ग्रीक मजकुरात ‘पेत्रोस’ आणि ‘पेत्रा’ असे दोन शब्द आहेत हे खरे. जुन्या ग्रीक काव्यात क्वचित त्यांच्यात लहानमोठेपणाचा भेद दिसतो. परंतु मत्तयाच्या काळातील ग्रीकमध्ये त्या भेदावर भार टाकता येत नाही, आणि नुसता दगड म्हणायचा असता तर त्यासाठी ‘लिथोस’ हा रोजच्या वापरातला शब्द हाताशी होता. खरी अडचण लिंगाची आहे. ‘पेत्रा’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे तो जसाच्या तसा पुरुषाला नाव म्हणून देता येत नव्हता, म्हणून त्याचे पुल्लिंगी रूप वापरले गेले. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे धोंड स्त्रीलिंगी आणि धोंडा पुल्लिंगी. मूल जगावे म्हणून त्याचे नाव धोंडू किंवा दगडू ठेवण्याची रीत होती, पण मुलाचे नाव धोंड कोणी ठेवले नाही. ‘तू धोंडू आहेस आणि ह्या धोंडेवर मी आपली मंडळी रचीन’ असे भाषांतर करण्याचे धाडस कोणी केले असते, तर वचनातील श्लेष आपल्या कानांना लगेच कळला असता. ‘पेत्र’ आणि ‘खडक’ या शब्दांत नादाचे काहीच नाते नसल्यामुळे मराठी वाचकाला तो श्लेष दिसतच नाही, आणि मग दोन शब्द म्हणजे दोन वस्तू असा समज सहज होतो.

शिवाय येशूची बोली अरामी होती आणि त्या भाषेत दोन्ही ठिकाणी ‘केफा’ (खडक) हा एकच शब्द येतो. योहानाच्या पहिल्या अध्यायात शिमोनाला (हे पेत्राचे मूळ नाव) हे नाव दिल्याचा उल्लेख आहे, पौलही आपल्या पत्रांत त्याला बहुतेक वेळा केफा असेच म्हणतो, आणि अरामीचीच पोटभाषा असलेल्या सुरियानीतील प्राचीन बायबलातही या वचनात तोच शब्द दोनदा आला आहे. त्यामुळे विसाव्या शतकात ऑस्कर कुलमान यांच्यासारख्या प्रॉटेस्टंट अभ्यासकांनीही खडक म्हणजे पेत्रच, असे मान्य केले. व्याकरणाच्या बाजूने पाहता आपले दीर बरोबर आहेत.

परंतु व्याह्यांच्या बंधूंनी सांगितलेले पौलाचे वचनही तितकेच स्पष्ट आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, येशू ख्रिस्त हा जो पाया घातला आहे त्याखेरीज दुसरा पाया कोणालाही घालता येणार नाही, असे तो म्हणतो. मात्र ही दोन वचने एकमेकांवर आपटण्यापूर्वी प्रत्येकातील चित्र नीट पाहावे. मत्तयात ख्रिस्त हा बांधणारा आहे आणि त्याच वाक्यात तो स्वतःच पायाही असणे अवघड आहे. पौलाच्या चित्रात बांधणारा पौल आहे आणि पाया ख्रिस्त आहे. इफिसकरांच्या पत्रात प्रेषित व संदेष्टे हा पाया होतो आणि ख्रिस्त कोनशिला होतो, तर प्रकटीकरणाच्या शेवटी नगरीच्या तटाच्या बारा पायांवर बारा प्रेषितांची नावे येतात. एकच रूपक प्रत्येक लेखकाने आपल्या गरजेप्रमाणे वळवले आहे. पौलाने ते का वळवले, हेही त्याच पत्रात आहे. करिंथात ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’, ‘मी केफाचा’ असे गट पडले होते आणि त्या भांडणाला उत्तर म्हणून पायाचे वचन आले. साखरपुड्याच्या पंगतीत ते वचन गटाच्या बाजूने वापरले गेले, हे पौलाला फारसे रुचले नसते.

आता दुसरा प्रश्न. आरंभीच्या शतकांत या वचनाचा एकच ठरलेला अर्थ नव्हता. कार्थेजचा बिशप सिप्रियन सुमारे 251 साली लिहितो की, ख्रिस्ताने एकावर मंडळी रचली ती एकी दाखवण्यासाठी, आणि इतर प्रेषितांनाही पेत्राइतकाच अधिकार होता. हाच सिप्रियन पुढे पाखंडी लोकांनी दिलेल्या बाप्तिस्म्याच्या प्रश्नावरून रोमचा बिशप (पोप) स्टीफन याच्याशी उघड भांडला. जॉन क्रिसोस्टोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात (अँटिऑक येथे) केलेल्या प्रवचनात खडक म्हणजे पेत्राने कबूल केलेला विश्वास, असे सांगितले. पण तोच क्रिसोस्टोम अन्यत्र पेत्राला प्रेषितांचा मुखिया म्हणतो, हे त्याचा आधार घेणारे सहसा सांगत नाहीत. सर्वांत मनोवेधक आहे तो ऑगस्टीन. उतारवयात, सुमारे 427 साली, स्वतःची जुनी पुस्तके तपासताना त्याने लिहिले की, पूर्वी मी पेत्राला खडक म्हटले होते, नंतर मात्र पेत्राने ज्याची कबुली दिली त्या ख्रिस्ताला खडक म्हणू लागलो. या दोहोंपैकी अधिक पटेल तो अर्थ वाचकाने निवडावा, असेही त्याने तेथेच म्हटले. म्हणजे वचनाचा अर्थ मोकळा ठेवूनही माणूस कॅथलिक संत होऊ शकत होता.

याची आठवण 1870 साली व्हॅटिकनच्या पहिल्या महासभेत फार अडचणीची ठरली. पोपच्या सर्वोच्च अधिकाराचा आणि अप्रमादित्वाचा (धर्मशिकवणीत चूक न होण्याचा) ठराव पुढे आला तेव्हा सेंट लुईसचे आर्चबिशप पीटर रिचर्ड केनरिक यांनी विरोधात भाषण तयार केले होते. चर्चा मध्येच आटोपल्याने ते करता आले नाही, म्हणून त्यांनी ते नेपल्समध्ये छापून घेतले. त्यातील मोजणीप्रमाणे प्राचीन आचार्यांपैकी 17 जण खडक म्हणजे पेत्र मानतात, 44 जण पेत्राचा विश्वास, 16 जण ख्रिस्त, आणि 8 जण सर्व प्रेषित. अशी डोकी मोजून अर्थ ठरत नसतो, कारण एकच आचार्य दोन जागी दोन अर्थ करतो. पण अर्थ पहिल्यापासून एकच होता, हे विधान या आकड्यांपुढे टिकत नाही. ठराव 18 जुलै रोजी मंजूर झाला आणि केनरिक यांनी पुढे तो स्वीकारला. आजचा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ दोन्ही अर्थ बाळगतो: परिच्छेद 424 मध्ये पेत्राने कबूल केलेल्या विश्वासाच्या खडकावर ख्रिस्तसभा उभी आहे असे म्हटले आहे, तर परिच्छेद 881 मध्ये प्रभूने शिमोनालाच खडक केले असे म्हटले आहे.

माझ्या मते खरा वाद खडकाचा नाहीच. तो वारशाचा आहे. पेत्राला जे मिळाले ते त्याच्याबरोबर संपले, सर्व बिशपांना मिळाले, की रोमच्या बिशपाला, म्हणजे पोपला, विशेषतः मिळाले? कुलमान यांनी खडक म्हणजे पेत्र हे मान्य करून वारसा नाकारला, तो याच ठिकाणी. 451 सालच्या कॅल्सेडॉनच्या महासभेत पोप लिओचे पत्र वाचल्यावर ‘पेत्र लिओच्या मुखाने बोलला’ असा घोष झाला, आणि त्याच महासभेने अठ्ठाविसाव्या नियमात काँस्टॅन्टिनोपलला रोमसारखाच मान दिला, कारण ती नवी राजधानी होती. लिओने तो नियम मानला नाही. 1519 साली लाइपत्सिग येथे मार्टिन लूथर आणि कॅथलिक धर्मपंडित योहान एक (Eck) यांच्यात झालेल्या वादविवादातही मत्तयाच्या या वचनाभोवती पोपच्या अधिकाराचाच प्रश्न होता.

पेत्राचा वारसा केवळ रोमच सांगतो असेही नाही. सुरियानी परंपरेप्रमाणे पेत्राचे पहिले आसन अंत्युखियात होते आणि तेथील पात्रियार्क (प्रमुख धर्मगुरू) स्वतःला पेत्राचे वारस म्हणवतात. केरळात याकोबाई आणि ऑर्थोडॉक्स या दोन सुरियानी ख्रिस्ती गटांत चाललेला वाद अंशतः पेत्राचे आसन श्रेष्ठ की केरळी ख्रिस्ती ज्याला आपला मूळपुरुष मानतात त्या प्रेषित थोमाचे, याच प्रश्नावरचा आहे. 1970 साली पात्रियार्कांच्या पत्रात थोमाला याजकपदही नव्हते असे म्हटले गेल्याने तो अधिक चिघळला, आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील चर्चच्या ताब्याविषयी निकाल दिला. पेत्राला श्रेष्ठ मानूनही रोमला न मानणारे हे लोक आहेत, तेव्हा ‘पेत्र की ख्रिस्त’ एवढ्या दोन रकान्यांत हा विषय मावत नाही.

आपल्या घरी हा प्रश्न प्रत्यक्ष कोठे उभा राहील, तेही सांगतो. कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्या विवाहाला कॅथलिक धर्मनियमांप्रमाणे बिशपांची पूर्वपरवानगी लागते, आणि मुलांचा बाप्तिस्मा व धर्मशिक्षण कॅथलिक पद्धतीने व्हावे यासाठी आपल्या परीने सर्व प्रयत्न करीन, असे वचन मुलीला द्यावे लागते. वराला त्याची वेळेवर माहिती दिली जाते. हा नियम व्याह्यांच्या घरी बाहेरचा वाटू शकतो. तेव्हा आपल्या धर्मगुरूंना लवकर भेटून अर्ज करावा, आणि व्याह्यांच्या पाळकांनाही त्या भेटीचे आमंत्रण द्यावे.