योजन म्हणजे नक्की किती किलोमीटर, आणि त्याचं प्रकाशवर्षात रूपांतर कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी जुन्या ग्रंथांतली चंद्र-सूर्याची अंतरं किलोमीटर आणि प्रकाशवर्षात करून तक्ता लावायचाय, आणि नेटवर योजन कुठे ८ किलोमीटर, कुठे १२, कुठे १३, कुठे साडेचौदा दिसतंय, तर खरं कुठलं धरायचं. शिवाय हनुमान चालीसेतल्या ओळीवरून सूर्याचं अंतर बरोब्बर येतं हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्डही तुम्ही जोडलाय. त्याच्याकडे शेवटी येते, आधी योजन.

यातला एकही आकडा कोणी हवेतून काढलेला नाही, पण यातला एकही सगळीकडे चालत नाही. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तसं योजन ग्रंथागणिक बदलतं. त्यामुळे "१ योजन = किती किमी" असं विचारायचंच नाही, "आर्यभटाचं योजन किती", "सूर्यसिद्धांताचं किती", "भास्कराचार्यांचं किती" असं विचारायचं, मग उत्तर मिळतं.

कसं ते सांगते. या प्रत्येकाने पृथ्वीचा व्यास स्वतःच्या योजनात दिलेला आहे. आर्यभटीयात तो १,०५० योजनं आहे. सूर्यसिद्धांतात १,६००. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत १,५८१ आणि परीघ ४,९६७. आता पृथ्वी तर तीच, तिचा सरासरी व्यास आपल्याला माहितीये, १२,७४२ किलोमीटर. भागाकार करा. आर्यभटाचं योजन येतं सुमारे १२.१३ किमी, सूर्यसिद्धांताचं ७.९६ आणि भास्कराचार्यांचं ८.०६. नेटवरचं १२ आणि ८ इथून आलंय. जुन्या इंग्रजी पुस्तकांत कुठे ५ मैल आणि कुठे साडेसात मैल असतं तेही हेच, १,६०० गुणिले ५ म्हणजे ८,००० मैल आणि १,०५० गुणिले साडेसात म्हणजे ७,८७५ मैल, दोन्ही पृथ्वीच्या व्यासाच्या जवळ.

मी गच्चीवर मुलांना आकाशदर्शन करवते, आणि सुरुवातीला मी स्वतः सगळीकडे सरसकट ८ किमी लावायचे. त्या हिशोबाने आर्यभटाची पृथ्वी ८,४०० किलोमीटरची झाली आणि मी मुलांना सांगून बसले की आर्यभटाचं माप एक तृतीयांशाने चुकलं होतं. चूक त्यांची नव्हतीच, मी दुसऱ्याच्या योजनाने त्यांची पृथ्वी मोजली होती. पुढच्या वेळी मुलांना बोलावून ते दुरुस्त केलं, पण इतक्या मोठ्या माणसावर आपण उगाच चूक लादली हे मला फार लागलं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

एक काळजी मात्र घ्यायची. असं योजन काढलं की मग त्याच योजनाने पृथ्वीचा व्यास काढून "बघा, किती अचूक!" असं म्हणता येत नाही, कारण पृथ्वी आपणच आत घातलीये, ती बाहेर येणारच. खरी परीक्षा होते ती दुसऱ्या मापांची.

अशी एक तपासणी भास्कराचार्यांच्या ग्रंथातच आहे आणि मला ती फार आवडते. ते म्हणतात, विषुववृत्तापासून उज्जैन हे पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, म्हणजे ते अंतर मोजा, सोळाने गुणा, झाला परीघ. ४,९६७ भागिले १६ म्हणजे ३१० योजनं. उज्जैनचा अक्षांश आज आपण २३.२ अंश धरतो, म्हणजे विषुववृत्तापासून साधारण २,५६५ किमी. भागाकार करा, योजन येतं सव्वाआठ किमी. व्यासावरून ८.०६ आलं होतं. थोडा फरक आहे कारण सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश, पण गाडी त्याच रुळावर आहे.

मग साडेचौदा कुठून आलं? ते लीलावतीतून. आठ जवांची रुंदी म्हणजे एक अंगुळ, चोवीस अंगुळं म्हणजे एक हात, चार हात म्हणजे दंड, दोन हजार दंड म्हणजे क्रोश आणि चार क्रोश म्हणजे योजन. एकूण ३२,००० हात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात १८ इंच धरला तर योजन होतं १४.६ किमी. आपल्याकडे जुनी माणसं कोस म्हणजे दोन मैल म्हणायची, त्याचे चार कोस म्हणजे ८ मैल, म्हणजे १२.९ किमी, नेटवरचं १३ ते हे (आणि ८ मैल आणि ८ किलोमीटर यांची सरमिसळ तर इतकी झालीये की विचारू नका).

आता गंमत बघा, लीलावती हा सिद्धांतशिरोमणीचाच भाग. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच ग्रंथात हाताने मोजलं तर योजन १४.६ आणि पृथ्वीने मोजलं तर ८. हाताच्या योजनाने त्यांची पृथ्वी २३,००० किलोमीटरची होते, जवळजवळ दुप्पट. माझं मत असं की कोष्टक जमिनीच्या व्यवहारातलं आहे आणि १,५८१ हा आकडा ब्रह्मगुप्तांपासून चालत आलेल्या खगोलाच्या परंपरेतला, दोघांची सांगड घालायची गरज त्या काळी पडली नसावी कारण ग्रहणाच्या गणिताला योजन किती हातांचं याने काहीच फरक पडत नाही, तिथे फक्त गुणोत्तरं लागतात. म्हणून आकाशातली अंतरं असतील तर पृथ्वीवरून काढलेलं योजन लावा. आर्यभटाचं मात्र बऱ्यापैकी जुळतं, ते ८,००० पुरुष-उंचीचं योजन सांगतात, १२.१३ किमीला ८,००० ने भागलं तर उंची येते १.५२ मीटर, म्हणजे पाच फूट. बुटका पण खरा माणूस.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला कधी गेलात तर जरूर सांगा मुलाला, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला होता, १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे त्याचा. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. हे सगळं गणित आपल्या जळगाव जिल्ह्यात शिकवलं जात होतं.

आता चंद्र. सूर्यसिद्धांतात चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनं परिघाची आहे. २π ने भागलं की त्रिज्या ५१,५६६ योजनं, त्याला ७.९६ ने गुणलं की साधारण ४ लाख १० हजार किलोमीटर. खरं सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार ४००. सात टक्क्यांचा फरक, दुर्बीण नसताना! आर्यभटाची कक्षा २,१६,००० योजनांची, त्रिज्या ३४,३७७, गुणिले १२.१३ म्हणजे ४ लाख १७ हजार. बघा, योजनांचे आकडे किती वेगळे होते आणि किलोमीटर केल्यावर किती जवळ आले. चंद्राच्या व्यासात तर हे अजून स्वच्छ दिसतं, आर्यभट म्हणतात ३१५ योजनं, सूर्यसिद्धांत म्हणतो ४८०, वाटतं की दोघांचं भांडण आहे, पण ३१५ भागिले १,०५० आणि ४८० भागिले १,६०० करून बघा, दोन्ही ठिकाणी येतं ०.३. अगदी तेच. आजचं गुणोत्तर ०.२७. मुलाला हे स्वतः कॅल्क्युलेटरवर करू द्या, माझ्या गच्चीवरची मुलं इथे दर वेळी ओरडतात.

सूर्यावर मात्र गणित बिघडतं आणि ते लपवायचं काही कारण नाही. सूर्यसिद्धांतात सूर्याची कक्षा ४३,३१,५०० योजनं, म्हणजे त्रिज्या ६ लाख ८९ हजार योजनं, म्हणजे सुमारे ५५ लाख किलोमीटर. खरं अंतर जवळपास १५ कोटी किलोमीटर. सत्तावीस पट कमी. असं का झालं? कारण त्यांनी एक गृहीत धरलं होतं की सगळे ग्रह (त्यात चंद्र-सूर्यही आले) आपापल्या कक्षेत दिवसाला सारखीच योजनं चालतात, साधारण ११,८५९. मग ज्याला फेरीला जास्त दिवस लागतात त्याची कक्षा तेवढ्या पट मोठी. चंद्राला २७.३ दिवस, सूर्याला ३६५.२६, भागाकार १३.३७, म्हणून सूर्य चंद्राच्या १३.३७ पट लांब. खरं तर तो ३८९ पट लांब आहे. चंद्राचं लंबन, म्हणजे पृथ्वीवर जागा बदलली की त्याचं सरकणं, जवळजवळ एक अंश भरतं आणि ते ग्रहणात नुसत्या डोळ्यांनी सापडतं, सूर्याचं भरतं जेमतेम ९ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), ते डोळ्याला दिसणं शक्यच नाही. युरोपातही ते १६७२ मध्ये मंगळाच्या निरीक्षणांवरून आणि मग १७६१ आणि १७६९ च्या शुक्राच्या अधिक्रमणांवरून (म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो ते) हळूहळू हाती आलं.

ग्रीकांकडेही योजनासारखीच अडचण आहे बरं का. एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ २,५२,००० स्टेडिया सांगितला, आणि स्टेडिअन १५७.५ मीटरचं धरलं तर ३९,७०० किमी, १८५ मीटरचं धरलं तर ४६,६००. त्यावर अजून वाद चालू आहे.

आता उलट बाजू, आजची एककं. खगोलीय एकक, ज्याला एयू म्हणतात, म्हणजे पृथ्वी ते सूर्य सरासरी अंतर, ते २०१२ पासून व्याख्येनेच ठरवून टाकलंय, १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर. प्रकाशवर्ष म्हणजे ३६५.२५ दिवसांत प्रकाश जातो ते अंतर, ९.४६ लाख कोटी किमी. पार्सेक म्हणजे २,०६,२६५ एयू, किंवा ३.२६ प्रकाशवर्षं. म्हणून १ एयू म्हणजे सूर्यसिद्धांताची १ कोटी ८८ लाख योजनं, भास्कराचार्यांची १ कोटी ८६ लाख, आर्यभटाची १ कोटी २३ लाख. १ प्रकाशवर्ष म्हणजे सूर्यसिद्धांताची साधारण १.१९ लाख कोटी योजनं. चंद्र-सूर्याला प्रकाशवर्ष लावूच नका, दशांशचिन्हानंतर नुसती शून्यं येतील. पण एका आकड्याला ते शोभतं. सूर्यसिद्धांतात आकाशाचा परीघ दिलाय, १८,७१२,०८०,८६४,०००,००० योजनं. चंद्राची कक्षा गुणिले एका कल्पातल्या (म्हणजे ४३२ कोटी वर्षांतल्या) चंद्राच्या फेऱ्या, म्हणजे ३,२४,००० गुणिले ५७,७५,३३,३६,०००, म्हणून हा आकडा. किलोमीटर करून प्रकाशवर्षाने भागलं की येतात १५,७५० प्रकाशवर्षं परीघ, म्हणजे व्यास ५,००० च्या आसपास. आपली आकाशगंगाच लाखभर प्रकाशवर्षांची आहे, तरी त्या काळात कोणी हजारो प्रकाशवर्षांपर्यंत आकडा नेला याचं मला अजून नवल वाटतं. आणि भास्कराचार्य त्यावर काय म्हणतात, तर ब्रह्मांड एवढं असो वा नसो, ग्रह एका कल्पात एवढी योजनं चालतो एवढाच याचा अर्थ असं आमचं मत. बाराव्या शतकात असं लिहिणाऱ्या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात.

आता तुमचा फॉरवर्ड. "जुग सहस्र जोजन पर भानू". त्यात जुग म्हणजे १२,००० धरलेत, सहस्र १,०००, योजन ८ मैल, गुणाकार ९ कोटी ६० लाख मैल, खरं अंतर ९ कोटी ३० लाख. जुळतं, पण कसं जुळवलं बघा. १२,००० ही चतुर्युगाची दिव्य वर्षं, म्हणजे देवांची वर्षं आहेत, अंतराच्या हिशोबात ती कुठून आली? संस्कृत गणितग्रंथांत शब्दांनी आकडे लिहितात तेव्हा युग म्हणजे ४, मग ४,००० योजनं झाली. आणि १२,००० मान्य केले तरी योजन सूर्यसिद्धांताचं लावलं की साडेनऊ कोटी किलोमीटर येतात, पंधरा नाही. उत्तर आधी माहीत असलं आणि योजन ५ ते ९ मैलांत कुठलंही निवडायची मोकळीक असली की काहीही जुळतं. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य सूर्य अर्ध्या निमिषात (निमिष म्हणजे पापणी लवण्याएवढा वेळ) २,२०२ योजनं जातो म्हणतात आणि त्यावरून प्रकाशाचा वेग बरोब्बर येतो असं सांगतात, त्याचंही तसंच, योजन आणि निमिष दोन्ही ग्रंथांप्रमाणे बदलून मी करून पाहिलं, सेकंदाला १ लाख ६४ हजारांपासून ३ लाख ६२ हजार किलोमीटरपर्यंत काहीही येतं. मी चालीसा रोज म्हणते, माझ्या आजीने शिकवलेली आहे, आणि मला तिला किलोमीटरचा दाखला जोडायची कधीच गरज वाटली नाही. लांबच लांब असलेला सूर्य गोड फळ समजून गिळायला निघालेलं बाळ आहे ते.

तक्त्यासाठी एवढंच करा: पहिला रकाना ग्रंथाचा ठेवा, दुसरा त्याच ग्रंथातल्या पृथ्वीच्या व्यासाचा, तिसऱ्यात त्यावरून काढलेलं योजन, आणि मग चंद्र, सूर्य. लीलावतीचं ३२,००० हातांचं योजन घ्यायचं असेल तर त्याची वेगळी ओळ करा आणि घरात सगळ्यांचे हात मोजून त्याची सरासरी लावा, आमच्याकडे ती ४४ सेंटीमीटर आली होती.